तान्ह्या मुठी आणि ऊसतोडीचा हंगाम

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे जसे सर्वदूर ठाऊक आहे, तसेच ते तेथील माकडांमुळेही आहे. चैत्रातील यात्रेला कोणी नवस फेडावयास येतो, कोणी लेकराचे जावळ काढावयास येतो. देवळाच्या परिसरात वावरणाऱ्या त्या माकडांकडे घटकाभर पाहिल्यावाचून सहसा कोणी परतत नाही. माकडीण भिंतीवरून झाडावर आणि झाडावरून शिखराकडे झेप घेते. तिच्या पोटाशी चिकटलेले पिल्लू मात्र पडत नाही. झेपेच्या त्या क्षणी आईचे चारही पाय झेपेत गुंतलेले असतात, त्यामुळे पिल्लाला धरण्याचे काम तिच्याकडे नसते. पिल्लूच आईला धरून असते.

हे पाहणाऱ्या बाईच्या खांद्यावरील महिन्या-दीड महिन्याच्या मुलाच्या तळहाताला आपण बोट लावून पाहावे. ते मूल आपले बोट घट्ट पकडते आणि सोडत नाही. घरातील वडीलधारी माणसे कौतुकाने म्हणतात की, ‘बाळाने ओळखले’. वस्तुतः त्या वयात बाळ बोट ओळखीतही नसते आणि ठरवून पकडीतही नसते. तळव्याला स्पर्श झाला की मूठ मिटावी, अशी ती मज्जासंस्थेचीच व्यवस्था आहे. १८९१ मध्ये लुई रॉबिन्सन या इंग्रज डॉक्टराने महिन्याच्या आतील साठएक अर्भकांना आपल्या बोटाला किंवा काठीला लोंबकळू देऊन पाहिले. दोन अपवाद वगळता सर्वांनी किमान दहा सेकंद आपला भार स्वतः पेलला आणि तीन आठवड्यांचे एक मूल तर अडीच मिनिटांहून अधिक काळ लोंबकळत राहिले. (हा प्रयोग घरी करून पाहण्याचा मोह कोणी करू नये, हे सांगावयास नको.) अंगावर केस असलेल्या आईला बिलगून राहणाऱ्या आपल्या अतिप्राचीन पूर्वजांचा हा मागे उरलेला वारसा असावा, असे मत तेव्हापासून मांडले जात आहे.

शिक्षकबंधूंना अध्यापक विद्यालयातील बालमानसशास्त्राच्या पुस्तकात ‘कारक विकास’ नावाचे प्रकरण अभ्यासल्याचे आठवत असेल. परीक्षेपुरते पाठ करून सोडून देण्याचे ते प्रकरण असे आपण मानतो. तथापि जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मुलाच्या मेंदूत काय घडते आहे, हे जाणण्यासाठी गावपातळीवर सुईचा, यंत्राचा किंवा पैशाचा खर्च न करता वापरता येईल असे साधन शोधू गेल्यास ते याच प्रकरणात सापडते.

नवजात अर्भकापाशी अशा कित्येक प्रतिक्षिप्त क्रिया असतात. गालाला स्पर्श झाला की ते त्या बाजूस तोंड वळवून स्तन शोधते; तोंडात काही आले की चोखते. आधार एकाएकी सुटल्यासारखे झाले, डोके किंचित मागे गेले, की दोन्ही हात फाकवून पुन्हा मिठी मारल्यासारखे जवळ घेते. ही दचक हायडेलबर्गचे बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी १९१८ मध्ये वर्णिली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मान एका बाजूस वळली की त्या बाजूचा हात लांब होतो आणि दुसरा दुमडतो. धनुर्धाऱ्याच्या पवित्र्यासारखी ती मुद्रा दिसते. पाय टेकवून उभे धरले तर मूल पावले टाकल्यासारखे करते. या सर्वांची सूत्रे मेंदूच्या खालच्या, जुन्या भागाकडे आणि मज्जारज्जूकडे असतात. वरचा मेंदू, म्हणजे ज्याच्या बळावर पुढे हे मूल पाटीवर अक्षर काढणार आहे तो, अद्याप कामावर रुजू व्हावयाचा असतो.

तो जसजसा रुजू होतो तसतशा या क्रिया मागे हटतात. मोरोची दचक आणि मुठीची आपोआप होणारी पकड साधारणतः चार ते सहा महिन्यांत मावळते. धनुर्धाऱ्याची मुद्राही सहाव्या महिन्याच्या सुमारास जाते. त्या गेल्यावाचून पुढचे काही जमत नाही. मूठ आपोआप मिटत राहिली तर खुळखुळा हवा तेव्हा धरता आणि नको तेव्हा सोडता येणार नाही. मान वळताच हात ताठ होत राहिला तर बाळाला कुशीवर वळता येणार नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत या क्रिया दिसल्या पाहिजेत, दोन्ही अंगांस सारख्या दिसल्या पाहिजेत आणि सहा महिन्यांनंतर त्या दिसता कामा नयेत. एकच हात दचकत असेल तर बाळंतपणात दंडाच्या नसांना किंवा गळपट्टीच्या हाडाला इजा झाली असण्याचा संभव असतो. दचक मुळीच नसेल तर मेंदू दबलेला आहे असा संशय घ्यावा लागतो. वाढलेली कावीळ हे त्याचे एक कारण. सहा महिने उलटूनही ती जोरात टिकून असेल, अंगठा मुठीत कोंडलेलाच राहत असेल आणि पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत असतील, तर मेंदूच्या पक्षाघाताची शंका घेऊन तपासणी करावयास हवी.

पावले टाकण्याच्या त्या क्रियेची हकीकत मोठी रंजक आहे. दोनएक महिन्यांत ती नाहीशी होते आणि वर्षाच्या आगेमागे खरे चालणे सुरू होते. मेंदू पक्व होऊन ती दाबून टाकतो, अशी समजूत पुष्कळ वर्षे प्रचलित होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी एस्थर थेलेन या अमेरिकी संशोधक बाईंनी पावले न टाकणाऱ्या अर्भकांना कमरेपर्यंत कोमट पाण्यात उभे धरले, तेव्हा ती अर्भके पुन्हा पावले टाकू लागली! पहिल्या महिन्यांत मांड्यांवर चरबी वेगाने चढते, त्या मानाने स्नायूंचे बळ वाढत नाही आणि जड झालेला पाय उचलत नाही, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. केवळ मेंदूच नव्हे, तर अंगाचे वजन, स्नायूंचे बळ, मिळणारी जागा आणि मिळणारी संधी या सर्वांच्या मेळातून मुलाची हालचाल घडते, हा विचार तेथून दृढ झाला. दिवसभर झोळीत बांधलेल्या आणि सायंकाळी दमलेल्या आईच्या मांडीवर झोपी जाणाऱ्या मुलाविषयी बोलताना हा मुद्दा लक्षात ठेवावयास हवा.

सोनारीच्या शिवारात साखर कारखाना आहे. हंगामात ऊस तोडण्यासाठी तेथे टोळ्या येतात. आणि याच परंडा तालुक्यातून, शेजारच्या भूम, वाशी, कळंब भागांतून हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडावयास जातात. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते आणि कामाचा दिवस बुडाला की ‘खाडा’ कापला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडावयाचे आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परतावयाचे; पाच-सहा महिन्यांचा हा हंगाम. अर्भकाच्या प्रतिक्षिप्त क्रिया मावळण्याची आणि मान धरण्यापासून बसण्यापर्यंतचे टप्पे येण्याची मुदतही नेमकी तेवढीच.

भाद्रपदात जन्मलेले मूल घ्या. दीड-दोन महिन्यांचे असताना ते आईबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघते. फडाच्या कडेला पाचटावर किंवा दोन दांड्यांना बांधलेल्या झोळीत त्याचा दिवस जातो आणि रात्र कोपीत. चैत्रात ते गावी येते तेव्हा सात-आठ महिन्यांचे झालेले असते. मधल्या काळात त्याची दचक गेली की नाही, मूठ उघडली की नाही, चौथ्या महिन्यात मान सावरली की नाही, हे आईखेरीज कोणी पाहिलेले नसते. आणि काय पाहावयाचे ते आईला कोणी सांगितलेले नसते. हंगामातच फडावर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत तर जन्मवेळी ते रडले की नाही, याचीही नोंद बहुधा गावापर्यंत पोहोचत नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि आज अंगणवाडी नाही असे गाव शोधावे लागेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथून झाला. जन्मजात व्यंगे, आजार, जीवनसत्त्वादींची कमतरता आणि विकासातील विलंब या चारही बाबतींत अठरा वर्षांपर्यंतची मुले तपासावीत, फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावे आणि संशयित मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी ती रचना आहे. आशाताईंनी पहिल्या बेचाळीस दिवसांत ठरावीक दिवशी नवजात बाळाच्या घरी जावे, हा कार्यक्रम २०११ पासून देशभर लागू झाला. २०१८ पासून त्याला तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यांतील भेटींची जोड मिळाली. त्यांतील पहिल्या भागाची जन्मभूमी महाराष्ट्रच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत साध्या गावकरी स्त्रियांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते निष्कर्ष छापल्यावर जगाने त्यांची दखल घेतली. फारसे शिक्षण नसलेली बाई अर्भकाचा श्वास मोजू शकते, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले. ती त्याची मूठही पाहू शकेल.

पण या साऱ्या योजनांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: मूल पत्त्यावर सापडेल. आपल्या भाद्रपदातल्या मुलाच्या तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यांतील दोन्ही भेटींच्या दिवशी घराला कुलूप असते. पथक हंगामात अंगणवाडीत आले तर पटावर नाव असते, मूल नसते. ज्या कारखान्याच्या फडावर ते असते तेथील आशाताईच्या वहीत त्याचे नाव नसते, कारण ते ‘आपल्या गावचे’ नव्हे. दोष कोणाच्या अंगी लावावा, हा प्रश्न आम्हाला येथे महत्त्वाचा वाटत नाही. पत्ता हा मुलापेक्षा मोठा झाला आहे, एवढेच नोंदवावयाचे आहे. २०१८ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्याची आकांक्षित जिल्ह्यांत निवड झाली, तेव्हापासून आरोग्याचे आकडे दरमहा वर पाठविले जातात. त्या आकड्यांत हंगामभर बाहेर असलेली मुले कोठे बसतात, हे अधिकाऱ्यांना एकदा विचारून पाहावे.

इतकी घाई कशासाठी, उशिरा कळले म्हणून काय बिघडले, असा प्रश्न कोणी विचारील. जन्मतः आत वळलेले पाऊल पहिल्या काही आठवड्यांत दर आठवड्याला प्लास्टर बदलून बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेवाचून सरळ होते. त्यासाठी मूल पाच-सहा आठवडे एका जागी असावे लागते. गलग्रंथीचा स्राव जन्मतःच कमी असलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यांत स्वस्तातील गोळी सुरू झाली तर त्याची बुद्धी वाचते. वर्षानंतर तीच गोळी तेवढे काम करीत नाही. दंडाच्या नसा बहुतेक वेळा आपोआप सुधारतात. ज्या सुधारत नाहीत त्यांच्यावरील शस्त्रक्रियेचा निर्णय पहिल्या वर्षाच्या आतच घ्यावा लागतो. मेंदूचा पक्षाघात हजारी दोन-तीन मुलांना होतो. तो बरा करणारे औषध नाही हे खरे. पण पहिल्या वर्षात सुरू झालेल्या योग्य व्यायामाने सांधे आखडणे, नितंबाचा सांधा निखळणे आणि घास न गिळता आल्याने होणारी उपासमार यांना पुष्कळ आळा बसतो. सहाव्या वर्षी हे मूल शाळेत येते किंवा येतच नाही. आणि आले तर पेन्सिल धरता न येणाऱ्या त्या हाताला वळण लावण्याचे काम शिक्षकाच्या वाट्याला येते. जे सहाव्या महिन्यात पाहावयाचे होते ते सहाव्या वर्षी पटावर येते.

या विषयाचे ज्ञान परदेशांतून आणावे लागते, असेही नाही. प्रमिला फाटक या मराठी विदुषींनी बडोद्याच्या विद्यापीठात भारतीय अर्भकांसाठी विकासमापनाची श्रेणी सिद्ध केली; तिच्यात कारक विकासाचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ घटक आहेत आणि देशभरातील केंद्रांत ती वापरली जाते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि डॉ. आनंद पंडित यांच्या गटाने १९८७ ते १९८९ या काळात दोन हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेली मुले नोंदविली आणि अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. वजनदार जन्मलेल्या सोबत्यांच्या तुलनेत ती बुद्ध्यंकात काहीशी मागे राहिली, तरी एकंदरीत सर्वसाधारण मर्यादेत राहिली. सर्वाधिक झळ बसली ती अपुऱ्या दिवसांची आणि शिवाय गर्भातच खुरटलेली मुले यांना. एका शहरी रुग्णालयाने अठरा वर्षे मुलांचे पत्ते सांभाळले. आपल्याला सहा महिने सांभाळावयाचे आहेत.

येथे दुसऱ्या टोकालाही सावध करणे अगत्याचे आहे. शहरांतील सुशिक्षित घरांत याच ज्ञानाचा अतिरेक दिसतो. शेजारणीचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले बाराव्यात नाही, म्हणून आईबापांची झोप उडते आणि चाकांच्या खुर्चीत मुलाला उभे कोंबले जाते. त्या ‘वॉकर’ने चालणे लवकर येत नाही; मूल जिन्यावरून कोसळण्याचा धोका मात्र वाढतो. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा त्याहून कितीतरी शहाणा, कारण तो उभे राहू शकणाऱ्या मुलालाच ढकलता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुले पाहून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार आधारावाचून बसणे ३.८ ते ९.२ महिने आणि एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिने एवढ्या विस्तृत काळात कधीही येऊ शकते. शंभरांत चारएक मुले तर रांगतच नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे वय मोजताना तेवढे आठवडे वजा करावयाचे असतात. तेव्हा एखादा टप्पा लांबला एवढ्यावरून निदान करण्याचे कारण नाही. अनेक खुणा एकत्र दिसणे, एका अंगास दिसणे, किंवा आलेले कौशल्य पुन्हा जाणे, हे मात्र दुर्लक्षिण्याजोगे नव्हे. ‘आमच्या घराण्यात मुले उशिराच चालतात’ हे आजीचे वाक्य अनेकदा खरे असते. मूल चौथ्या महिन्यातही मान धरीत नसेल, तेव्हा ते वाक्य पुरेसे नसते.

मग करावयाचे काय? नवी योजना काढू नये, अशी आमची पहिली विनंती आहे. प्रत्येक गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डावर मुलाच्या विकासाचे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. ते कार्ड घरातील पेटीत न राहता कोपीपर्यंत जावे आणि गाव सोडण्यापूर्वी आशाताईने त्यावर तीन खुणा आईला प्रत्यक्ष बाळावर करून दाखवाव्यात: मूठ, मान आणि दोन्ही अंगांची सारखी हालचाल. टोळ्या निघतात त्या पंधरवड्यात यासाठी एक अर्धा दिवस पुरेल. कारखान्याच्या हद्दीतील आशाताईला परगावच्या मुलाच्या भेटीचेही मानधन मिळावे. ते मिळत नाही तोवर त्या कोपीवर जातील, ही अपेक्षा फुकटची आहे.

दुसरी सूचना थोडी नवी वाटेल. हाइन्झ प्रेख्टल या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, तीन ते पाच महिन्यांचे निरोगी मूल जागेपणी उताणे पडले असता मान, खांदे, मनगटे, घोटे यांच्या बारीक, सर्व दिशांना होणाऱ्या हालचाली सतत करीत असते. त्या नसतील तर मेंदूच्या पक्षाघाताची शक्यता फार मोठी असते. हे पाहण्यासाठी मुलाला हात लावावा लागत नाही. ते रडत नसताना, खुळखुळा न दाखविता, तीन-चार मिनिटांचे चित्रण पुरते आणि मोबाइल फोनवर घेतलेले चालते. ऑस्ट्रेलियात आईबापांनी घरी असे चित्रण करून रुग्णालयाकडे पाठविण्याची पद्धत वापरून पाहण्यात आली आहे. ऊसतोडीच्या टोळीत आज शौचालय नसते, पण मोबाइल असतो. ते चित्रण पाहून वाचणारा एक प्रशिक्षित माणूस धाराशिवच्या केंद्रात असला, तर सांगली-कोल्हापूरच्या फडावरचे मूल त्याला दिसू शकेल.

आणि जी मुले तरीही निसटतील, ती चैत्रात परततात. हंगाम संपवून आलेली कुटुंबे ज्या सुमारास देवदर्शनाला निघतात, त्याच सुमारास सोनारीची यात्रा भरते. यात्रेत आरोग्य खात्याचा तंबू असतोच. तेथे पाण्याचे नमुने तपासले जातात आणि उष्माघाताची तयारी ठेवली जाते. त्याच्या शेजारी एक सतरंजी अंथरावी, बाल स्वास्थ्याच्या फिरत्या पथकाने आपला त्या दिवसांचा मुक्काम तेथे ठेवावा आणि वर्षाच्या आतील प्रत्येक मुलाला पाच मिनिटे तिच्यावर निजवून पाहावे. संशय आला तर धाराशिवच्या केंद्राची तारीख तेथेच कार्डावर लिहून द्यावी, जाण्या-येण्याचे भाडेही द्यावे. ती तारीख पुढील दसऱ्याच्या आतली असावी.